सर्पगंधेचा हिशेब मांडणारा डॉक्टर

एका जुन्या डॉक्टरांची ओळख करून द्यायला मी हा लेख लिहितोय. पण सुरुवात आमच्या घरापासून करावी लागेल, कारण ते मला तिथेच भेटले.

माझे पप्पा भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये फोरमन आहेत. तीन शिफ्टची नोकरी. वरून चाकणच्या मोठ्या कंपनीचा पार्ट वेळेत गेला नाही की लाइन थांबते, आणि तिथली लाइन थांबली की इथे सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. वार्षिक मेडिकलमध्ये त्यांचं बी.पी. 160/100 निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दोन-तीन महिन्यांनी पप्पांना बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटलं की गोळी कशाला, असा आपल्याकडचा हिशेब. त्यात शेजारच्या काकांनी सर्पगंधेच्या मुळीची पूड आणून दिली. झाडपाला आहे, साइड इफेक्ट नाही, डोकं शांत राहतं, असं त्यांचं म्हणणं. पप्पांनी गोळी बंद केली आणि चमचाभर पूड सुरू केली.

पहिले काही दिवस झोप छान लागली. मग नाक चोंदायला लागलं, दिवसा गुंगी यायला लागली. हे तर एकवेळ चाललं असतं, पण आमचे पप्पा गप्प गप्प झाले. क्रिकेटची मॅचसुद्धा बघेनात. आईने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पूड बंद करायला सांगितली, आधीची गोळी पुन्हा सुरू केली आणि आम्हाला अर्धा तास समजावलं. बोलता बोलता त्यांच्या तोंडी एक नाव आलं : डॉ. रुस्तम जाल वकील. इन-सेम तोंडावर असताना मी या नावाच्या मागे लागलो, आणि जे कळलं ते आपल्या मासिकात यायलाच पाहिजे असं वाटलं.

डॉ. वकील यांचा जन्म 1911 सालचा, मुंबईतल्या पारशी घरातला. वैद्यकीय शिक्षण लंडनला झालं. तिथेच राहून मोठं नाव कमावता आलं असतं, पण दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते मुंबईत परतले होते. परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलशी त्यांचा संबंध आला. के.ई.एम. म्हणजे गिरणगावातलं हॉस्पिटल. आजूबाजूला कापड गिरण्या, भोंग्यावर चालणारं आयुष्य, रात्रपाळी, चाळीतली दाटी. आज आपल्याकडे पिंपरी-चिंचवडला किंवा चाकणला जे दिसतं, त्याचीच जुनी आवृत्ती म्हणा.

हृदयविकार हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आणि त्या काळात हृदयाच्या डॉक्टरांची सगळ्यात मोठी अडचण होती रक्तदाब. आज आपल्याला हे खरं वाटत नाही, पण 1940 च्या दशकापर्यंत रक्तदाब मोजता येत होता, कमी करता येत नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचंच उदाहरण घ्या. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाला डॉक्टर काय देत होते? मीठ कमी, विश्रांती, झोपेचं औषध. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब 300 पर्यंत पोहोचला होता. राष्ट्राध्यक्षाची ही गत, तर परळच्या गिरणी कामगाराचं काय होत असेल? काही ठिकाणी पाठीतल्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत. काही जण नुसत्या भाताचा आहार देत. बाकी सगळं देवाच्या हवाली.

आणि आपल्याकडे जंगलात ही सर्पगंधा उगवत होती.

दीड-दोन फूट उंचीचं झुडूप. पानं तीन-तीनच्या झुबक्यात, लाल देठांवर पांढरी-गुलाबीसर फुलं, नंतर जांभळी-काळी फळं. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर भागात हे झाड सापडतं. फुलं दिसायला देखणी, पण औषधाचं सगळं काम मुळीत. आयुर्वेदाला ही मुळी जुनी ओळखीची. बिहारकडे तर ती वेड्याचं औषध म्हणूनच बाजारात मिळायची. शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन डॉक्टर आणि वनस्पतींचा अभ्यासक. गंमत म्हणजे त्याने हे झाड पाहिलेलंही नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या सन्मानासाठी हे नाव दिलं.

वकिलांच्या आधी या मुळीवर कोणी काम केलं नव्हतं, असं मुळीच नाही. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं होतं की ही मुळी वाढलेल्या रक्तदाबावर आणि उन्मादावर उपयोगी पडते. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइड वेगळे काढले आणि एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांचं नाव दिलं, अजमलीन. कलकत्त्याला कर्नल रामनाथ चोप्रांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब खरंच उतरतो हे पाहिलं. 1934 पासून हिमालया कंपनीची सर्पिना नावाची गोळीही निघाली होती. म्हणजे औषध होतं, गोळी होती, देशातले कित्येक डॉक्टर ती देतही होते. मग अडलं कुठे?

आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला हे लगेच कळेल. डेटा नव्हता. ज्याला गुण आला तो चांगलं म्हणायचा, ज्याला आला नाही तो गप्प बसायचा. पुन्हा रक्तदाब ही चीजच अशी की नुसतं डॉक्टरने दोनदा आपुलकीने विचारपूस केली तरी दहा-वीस अंश उतरते. मग उतरलं ते मुळीमुळे की विश्रांतीमुळे की विश्वासामुळे, हे सांगायचं कसं? बाहेरच्या जगाने तर या झाडाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

वकिलांनी सुमारे दहा वर्षं ही मुळी रुग्णांना दिली. घाई केली नाही. मग रक्तदाबाचे 50 रुग्ण निवडून पद्धतशीर चाचणी केली. औषधाआधीचं रीडिंग, आठवड्या-आठवड्याचं रीडिंग, औषध थांबवल्यानंतरचं रीडिंग. वरचा आणि खालचा दाब वेगवेगळा. त्रास काय झाला, किती जणांना झाला, तेही लिहिलं. हा लेख 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नल या मासिकात छापून आला. सहा पानांचा मजकूर. त्यात ना प्राचीन ज्ञानाचा डंका होता, ना चमत्काराचा दावा. बहुतेक रुग्णांचा दाब बऱ्यापैकी उतरला, उतार सावकाश आला, औषध थांबल्यावर तो काही काळ टिकला, आणि गंभीर त्रास दिसला नाही, एवढंच साधं सांगणं.

तेव्हा सरकारी अनुदान, संगणक, सांख्यिकीचं सॉफ्टवेअर यातलं काहीच हाताशी नव्हतं. पाऱ्याचं यंत्र, वही आणि चिकाटी. आपण एखाद्या प्रॅक्टिकलची चार रीडिंग घेऊन बाकीची ग्राफला जुळतील अशी भरतो (कोण भरतं ते विचारू नका), त्या आपल्याला या माणसाच्या वहीसमोर उभं राहायला लाज वाटावी.

तो लेख बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स नावाच्या डॉक्टरांनी वाचला. ते रक्तदाबावरच काम करत होते. त्यांनी भारतातून गोळ्या मागवल्या, आपल्या रुग्णांना दिल्या आणि 1952 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. दाब उतरत होताच, पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. रुग्ण शांत होत होते. नाडी मंद, चेहरा निवांत, चिडचिड कमी, आणि तरीही झोपेच्या औषधासारखी डोक्यावर झापड नाही. आपल्या वैद्यांना हे शेकडो वर्षं ठाऊक होतं, पण आता ते मोजून नोंदलं गेलं.

त्याच 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रिसर्पिन. रेणूत कार्बनचे 33 अणू, आणि रचना इतकी गुंतागुंतीची की 1956 साली वुडवर्ड यांनी ती प्रयोगशाळेत बनवून दाखवली तेव्हा रसायनशास्त्रातला तो मोठा पराक्रम मानला गेला. ट्रँक्विलायझर हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द सध्याच्या अर्थाने रूढ झाला तोही 1953 च्या सुमारास, याच रिसर्पिनच्या संदर्भात.

न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मानसिक रुग्णांना दिलं. तिथे काय बदल झाला याचा एक किस्सा सांगितला जातो. हॉस्पिटलच्या खिडक्यांना काचा बसवणाऱ्या माणसाने विचारलं म्हणे की त्या वॉर्डात झालंय काय, काचाच फुटत नाहीत! मेंटेनन्सच्या रजिस्टरने औषधाचा गुण सांगितला. ज्या रुग्णांना त्या काळी बांधून ठेवत, विजेचे झटके देत, ते बसून बोलायला लागले.

आता रिसर्पिन नेमकं करतं काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाला बारीक पिशव्या असतात. त्यात नॉरअ‍ॅड्रिनलीन, डोपामीन, सिरोटोनिन अशी संदेश पोचवणारी रसायनं भरलेली असतात. आदेश आला की पिशवी फुटते, रसायन बाहेर पडतं, पुढचा तंतू किंवा रक्तवाहिनीचा स्नायू कामाला लागतो. रिसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडतं. माल स्टोअरमध्ये जातच नाही, बाहेर पडून राहतो आणि तिथले एन्झाइम त्याची विल्हेवाट लावतात. आदेश येतो, पण डिस्पॅचला मालच नाही! मग रक्तवाहिन्या आवळल्या जात नाहीत, दाब उतरतो. मेंदूतही तेच, म्हणून मन शांत. स्टोअर रिकामं व्हायला वेळ लागतो म्हणून परिणाम सावकाश येतो, आणि पुन्हा भरायला वेळ लागतो म्हणून औषध थांबवलं तरी काही दिवस टिकतो. वकिलांच्या वहीत जे दिसलं त्याचं कारण पुढे हे असं उलगडलं.

यातूनच आणखी एक दार उघडलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे दगडासारखे निश्चल झाले. मग एल-डोपा टोचलं, आणि ससे उठून पळायला लागले. हे 1957 चं. मेंदूत डोपामीनचं स्वतंत्र काम आहे हे त्यातून कळलं, पार्किन्सनचा उपचार सापडला आणि कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं. कोकणातल्या झुडपाच्या मुळीचा रस्ता कुठवर गेला बघा.

1957 साली अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार वैद्यकीय संशोधनासाठी जाहीर झाला. त्यात क्लाइन होते, रॉबर्ट नोस होते, क्लोरप्रोमाझीनवर काम करणारे लाबोरी, डेनिकर आणि लेहमन होते, आणि त्यांच्या रांगेत मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील होते. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. विल्किन्सना लास्कर मिळाला तो 1958 मध्ये, म्हणजे लेख वाचणाऱ्याच्या एक वर्ष आधी लेख लिहिणाऱ्याचा सन्मान झाला.

पण मित्रांनो, गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील, आणि माझ्या पप्पांच्या बाबतीत जे झालं ते कळणार नाही.

औषध जगभर गेलं आणि डोस वाढत गेले. 1954 मध्येच एडवर्ड फ्रीस या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की मोठ्या मात्रेत बराच काळ रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अगदी खोल नैराश्यात जातात. शांत आणि खिन्न यांच्यातली रेषा बारीक असते. स्टोअर थोडं रिकामं झालं तर चिडचिड जाते, जास्तच रिकामं झालं तर जगण्यातली गोडीच जाते. हे नैराश्य नेमकं किती जणांना येतं यावर पुढे वाद झाले, पण ज्याला आधी नैराश्याचा त्रास झालेला आहे त्याला हे औषध देऊ नये, हा नियम पक्का झाला. पप्पा गप्प का झाले ते मला इथे समजलं. चमचाभर पुडीत रिसर्पिन किती, हे देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. झाड कुठलं, वय किती, मुळी कधी खणली, साल किती लागली, त्याप्रमाणे प्रमाण बदलतं. टॉलरन्स न लिहिलेलं ड्रॉइंग पप्पा शॉपमध्ये परत पाठवतात. पुडीच्या बाबतीत मात्र तेच विसरले.

तेच फ्रीस पुढे आणखी एका मोठ्या कामाचे प्रमुख झाले. 1967 साली त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या 143 माजी सैनिकांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांचा खालचा रक्तदाब 115 ते 129. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच. खऱ्या गोळीत तीन औषधं होती, त्यातलं एक रिसर्पिन, बेताच्या मात्रेत. खोट्या गोळीच्या गटात 27 जणांना पक्षाघात, हृदय बंद पडणं, मृत्यू अशा गंभीर घटना घडल्या. खऱ्या गोळीच्या गटात फक्त 2. रक्तदाब उतरवला की माणूस वाचतो, हे जगाला आकड्यांनी पटलं ते इथे. ज्याने औषधाचा धोका सांगितला त्यानेच योग्य मात्रेतला फायदाही सिद्ध केला. शास्त्र असं चालतं.

भारतात रिसर्पिन असलेली अ‍ॅडेलफेन ही गोळी वर्षानुवर्षं घरोघरी होती. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, नाव ओळखतील. नंतर नवी, कमी त्रासाची औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं. तिकडे झाडावरही संकट आलं. मुळी हवी म्हणजे झाडच उपटायचं, आणि जगाची मागणी आल्यावर जंगलं ओरबाडली गेली. 1990 पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली नियंत्रण आहे.

डॉ. वकील एका शोधावर बसून राहिले नाहीत. हृदयविकाराचा झटका येण्याआधी छातीत जे इशारे मिळतात, त्यावर त्यांनी 1960 च्या दशकात बारकाईने काम केलं. आज ज्याला अनस्टेबल अँजायना म्हणतात ते हेच. रुग्णाला नुसतं बघून, हात लावून, ऐकून निदान कसं करायचं यावर डॉ. गोलवाला यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं पुस्तक मेडिकलच्या मुलांच्या पिढ्यांनी वाचलंय. भारतीय डॉक्टरांनी भारतीय रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं वैद्यकशास्त्राचं मोठं पाठ्यपुस्तक असावं, म्हणून ए.पी.आय. टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन 1969 साली निघालं. त्याच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक तेच.

1974 च्या सप्टेंबरमध्ये लॅन्सेट या मासिकात लेख आले की रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग जास्त होत असावा. जगभर खळबळ उडाली, डॉक्टरांनी धडाधड औषध बंद केलं. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, डॉ. वकील मुंबईत वारले. वय 63. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो संशय टिकला नाही. पण ते ऐकायला ते नव्हते.

आपल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. तिथे बुरशीपासून पेनिसिलिन बनवायला सुरुवात झाली तो काळ आणि परळच्या वहीतून निघालेली सर्पगंधा जगभर पोहोचली तो काळ एकच. बुरशी काय किंवा मुळी काय, निसर्गात औषध असतं हे खरं. पण ते किती, कोणाला, किती दिवस, हे कोणीतरी मोजून लिहावं लागतं. नाहीतर ते औषध राहत नाही, नुसती ऐकीव गोष्ट राहते.

पप्पांचं बी.पी. आता 130/84 च्या आसपास असतं. फ्रिजवर एक वही लटकवली आहे. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, डाव्या हाताचं रीडिंग मी घेतो आणि ते स्वतः लिहितात. गोळी रोज, न चुकता. शेजारच्या काकांचंही रीडिंग मी मागच्या महिन्यात घेतलं. 170 निघालं. पुडी त्यांनी डब्यात ठेवून दिली आणि पप्पांबरोबर दवाखान्यात गेले. काका स्वभावाने चांगलेच आहेत, त्यांनी फक्त कधी मोजलं नव्हतं.

तुमच्याही घरात कोणी तीन शिफ्ट करत असेल. सबमिशन होऊन जाईल हो, एक दिवस घरच्यांचं बी.पी. तपासून घ्या. आणि आकडा आला की तो वहीत लिहून ठेवा.